दीर तीन महिन्यांपासून येरवड्यात आहे, केस अजून उभी राहिलेली नाही. सासरे कुणालाच भेटायला जाऊ देत नाहीत. पत्र, पैसे, मुलाकत यातलं काय करू? भेटून काही फरक पडतो का?

पडतो. एवढंच हवं असेल तर इथे थांबलात तरी चालेल, कारण पुढे मी वाहवत जाणार आहे. ‘बसू दे आत, अद्दल घडेल’ हे सासऱ्यांचं वाक्य तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय ना, ते जसंच्या तसं मी माझ्या थोरल्या भावाच्या तोंडून ऐकलंय. त्यामुळे गप्प बसवेना.

माझा धाकटा भाऊ तालुक्याच्या गावी एका पतसंस्थेत कॅशियर होता. संस्था बुडाली, ठेवीदार रस्त्यावर आले, चेअरमन पसार झाला आणि पोलिसांना घरी जेवताना सापडला तो कॅशियर. कलमं लागली ४०९ (विश्वासाने सोपवलेल्या पैशांचा अपहार), ४२० (फसवणूक) आणि वर एमपीआयडी, म्हणजे ठेवीदारांसाठीचा १९९९ चा कायदा. तो धुतल्या तांदळासारखा होता असं मी म्हणत नाही. व्हाउचरवर सह्या त्याच्याच होत्या. दबावाखाली केल्या की डोळे मिटून केल्या, ते कोर्ट ठरवेल. पण आत्याचे पैसे तिथे, शेजारच्या गुरुजींचे तिथे, दादाच्या सासऱ्यांचेही तिथेच. गावात आमच्या दारावरून जाताना लोक काय बोलत असतील ते सांगायला नको.

दादाने वकील दिला. मोठा, शहरातला, फीचा आकडा ऐकून आई खाली बसली होती. झालं, दादाच्या लेखी कर्तव्य संपलं. ‘मी पैसे मोजलेत. आता तिकडे जाऊन घराण्याचा तमाशा करायचा नाही.’ माझं लग्न होऊन आडनाव बदललेलं, त्यामुळे घराण्याचा प्रश्न माझ्यापुरता मिटलेला होता. मी गेले.

(येरवडा म्हटलं की लोकांना गांधीजी आणि १९३२ चा पुणे करार आठवतो, अभिमानाने सांगतात. घरचं माणूस आत असलं की तेच ‘पुण्याला कामाला आहे’ म्हणून मोकळे होतात.)

माझा भाऊ कुठल्या जेलला होता ते लिहीत नाही, तो अजून तारखांना जातो. पद्धत सगळीकडे साधारण एकच. नाव नोंदवायचं, आधार दाखवायचं, नातं सांगायचं, फोटो काढायचा आणि पुकारा होईपर्यंत शेडमध्ये बसायचं. आत काच आणि काचेच्या दोन्ही बाजूंना रिसीव्हर. माझ्या बाजूच्या रिसीव्हरची वायर मुळाशी तुटायला आलेली. अंगठ्याने एका कोनात दाबून धरली तर आवाज यायचा, जरा सैल पडली की नुसती खरखर. मी वायर दाबून उभी, डावी-उजवीकडे सगळे ओरडून बोलतायत, आणि हा पलीकडून विचारतोय, ‘आत्याचे नक्की किती अडकलेत गं? आकडा आठवत नाहीये.’ कॅशियर शेवटी! आत्या आमच्याशी बोलायची बंद झाली होती, ते मी सांगितलं नाही. केसचंही काही काढलं नाही. कांद्याला काय भाव गेला, दादाच्या बोअरला पाणी लागलं नाही, वहिनी रुसून माहेरी गेली आणि दोन दिवसांत परत आली, असलं सांगत बसले. वहिनीचं ऐकून तो हसला. वेळ कधी संपली कळलं नाही.

हे दादाच्या कानावर गेलं. ‘भाड्याला पैसे घालून कांद्याचे भाव सांगायला गेली होतीस?’

हो, त्यासाठीच गेले होते. आत केसशिवाय दुसरं बोलणं नसतं. कलम, तारीख, वकील, परत कलम. आपल्यावाचून बाहेर जग चाललंय आणि तरी त्यात आपली जागा आहे, हे त्याला कुणी तरी कांद्याच्या भावातून सांगावं लागतं. आणि दुसरं म्हणजे ज्याची मुलाकत येते त्याच्याकडे बराकीत वेगळ्या नजरेने बघतात. ज्याचं कुणीच येत नाही त्याला इतरांचे कपडे धुवायला लागतात, हे भावाने सुटल्यावर सांगितलं, आधी नाही.

आता तुमचं. तुमचा दीर कच्चा कैदी, म्हणजे अजून शिक्षा न झालेला, त्यामुळे आठवड्याला मुलाकत मिळू शकते. शिक्षा झालेल्यांना त्याहून कमी. ई-मुलाकातीच्या साइटवर आधी नोंदणी करा, तिथेच व्हिडिओवरची भेटही मागता येते. तुम्ही भावजय, रक्ताचं नातं नाही, म्हणून वकिलामार्फत त्याला निरोप द्या की भेटायला येणाऱ्यांत तुमचं नाव सांगून ठेव. नाहीतर गेटवर वाद घालत बसाल.

पैसे मनीऑर्डरने जातात, त्याच्या नावावर आत जमा होतात आणि तो कॅन्टीनमधून साबण, बिस्किटं घेतो. महिन्याची मर्यादा असते. २०२१ मध्ये साडेचार हजार होती, आता किती ते गेटवर विचारा. मर्यादा आहे म्हणून तेवढे पाठवायलाच हवेत असं नाही. ज्याच्या खात्यावर भरपूर असतात त्याला आत मित्रही भरपूर मिळतात. थोडे पण दर महिन्याला पाठवा. कुणी ‘आत पोचवतो, माझी ओळख आहे’ म्हणाला तर त्याला चहासुद्धा पाजू नका.

पत्र पोहोचतं, उशिरा. आंतरदेशीय पत्र पोस्टात अजून अडीच रुपयांना मिळतं. त्याचं पूर्ण नाव आणि बंदी (कैदी) क्रमांक घाला, आणि प्रत्येक पत्रावर एक, दोन, तीन असा नंबर टाका, म्हणजे मधलं गहाळ झालं तर त्याला कळतं, तुम्ही विसरलात असं वाटत नाही. पत्र तिथे उघडून वाचतात, त्यामुळे केसचं अवाक्षर नको. पण घरात मयत झाली तर लपवू नका. आमच्या मामांचं लपवलं होतं, दादाच्या आग्रहाने. भावाला ते तारखेला दुसऱ्याच आरोपीच्या बायकोकडून कळलं. कच्च्या कैद्याला पॅरोल-फर्लो, म्हणजे शिक्षा झालेल्यांना मिळते तशी रजा, नसतो. अशा वेळी कोर्टातच अर्ज करून पोलीस बंदोबस्तात तरी परवानगी मागावी लागते, आणि घरच्यांनी कळवलंच नाही तर मागणार कोण?

तारखेला कोर्टात भेट होईल या भरवशावर राहू नका. बऱ्याचदा कोर्टात न्यायला पोलीस गार्ड मिळत नाही, मग व्हीसीवरच, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सवरच हजर करतात. तुम्ही डबा घेऊन पॅसेजमध्ये उभ्या आणि तो टीव्हीच्या पडद्यावर.

आता तुमच्या ‘भेटून काही फरक पडतो का’ कडे येते, कारण दादाशी माझं भांडण यावरच आहे. वर्ष होत आलं तेव्हा हायकोर्टातून जामीन झाला. जामीन झाला म्हणजे माणूस संध्याकाळी घरी, असं आम्ही समजत होतो. ऑर्डरमध्ये ओळ होती: पन्नास हजारांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा सक्षम जामीनदार. मुचलक्यावर सही त्याची, पण जामीनदार आणायचा कुठून? नात्यातल्या प्रत्येकाची ठेव त्याच संस्थेत! दादाकडे सात-बारा होता, वडिलोपार्जित. त्याने दिला नाही. ‘उताऱ्यावर नोंद चढली तर सोसायटीचं कर्ज अडेल.’ वकिलाचा फोन लागेना, त्याचं काम ऑर्डर निघाली तिथे संपलं होतं. कोर्टाच्या आवारात पैसे घेऊन उभे राहणारे जामीनदार भेटले, खोट्या कागदांवर. त्यांच्या वाटेला जाऊ नका, सापडलात तर तुमच्यावरच गुन्हा.

मार्ग सांगितला तो भावाने, त्याच काचेपलीकडून. त्याचं अक्षर मोत्यासारखं, म्हणून बराकीत ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे अर्ज तोच लिहायचा. कुणाची सुटका कशावर अडली आणि कशाने झाली, हे त्याला आमच्या वकिलापेक्षा जास्त माहीत होतं. म्हणाला, ‘जामीनदार मिळेपर्यंत रोख रक्कम भरू द्या आणि जामीनदाराला चार आठवडे मुदत द्या, असा अर्ज टाक. माझ्या शेजारचा तसाच सुटला.’ अर्ज केला तो जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या फुकटच्या वकीलबाईंनी. १९८७ च्या कायद्याने कोठडीतल्या माणसाला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मागता येतो. हेल्पलाइन १५१००. माझ्या पाटल्या गहाण पडल्या, रोख भरली. पुढे मुदतीत आमचे ‘हे’ पगाराची स्लिप घेऊन जामीनदार राहिले. मुलाकतीला गेले नसते तर हे कळलं असतं का? दादा म्हणतो, वकिलाने सांगितलंच असतं. फोन उचलला असता तर सांगितलं असतं, बरोबर आहे.

सुटकेचा कागदही वेळेत जेलला पोचायला हवा. २०२१ मध्ये एका बड्या नटाच्या मुलाची आर्थर रोडमधून सुटका एका रात्रीने लांबली, कारण संध्याकाळी साडेपाचच्या आत कागद जेलच्या पेटीत पडला नाही. त्याच्याकडे वकिलांची फौज होती, आपण कोण? जानेवारी २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की जामिनाच्या आदेशाची प्रत ईमेलने त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी जेलमार्फत कैद्याला मिळावी, सात दिवसांत सुटला नाही तर अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाला कळवावं, आणि महिनाभरात मुचलका, जामीनदार झाले नाहीत तर अट बदलायची का हे कोर्ट स्वतःहून पाहू शकतं. हे कागदावर. तुम्ही आठव्या दिवशी प्राधिकरणाच्या कार्यालयात जाऊन उभ्या राहा. कैदी गरीब असेल तर जामिनासाठी सरकारी मदतीची योजनाही २०२३ पासून आहे. सुरुवातीला मर्यादा ४० हजारांची होती, आता किती ते तिथेच विचारा.

वकिलाला आणखी एक विचारा, बीएनएसएसचं, म्हणजे नव्या फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याचं, कलम ४७९. पहिलाच गुन्हा असेल आणि जास्तीत जास्त शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढून झाला असेल तर सोडायला हवं. पण ज्यात जन्मठेप होऊ शकते त्या गुन्ह्याला नाही, आणि एकापेक्षा जास्त केसेस असतील तरी नाही. माझ्या भावाला म्हणूनच उपयोग नव्हता, ४०९ मध्ये जन्मठेप आहे.

आणि हे आधी लिहायला हवं होतं खरं तर. दिरावर आरोप काय, ते तुम्ही लिहिलेलं नाही. घरातल्याच कुणाला त्याने मारलं असेल, फिर्यादी तुमची जाऊ किंवा घरातली पोर असेल, तर वरचं सगळं बाजूला ठेवा आणि आधी तिच्याकडे जा. तिला विचारल्याशिवाय मुलाकतही नको, मनीऑर्डरही नको. तसं नसेल, तर सासऱ्यांची परवानगी मागत बसू नका. मी दादाची मागितली नव्हती, आणि सुटल्यावर धाकट्याला न्यायला तोच गाडी घेऊन आला होता, सगळ्यांच्या पुढे.

जाताना आधारच्या दोन झेरॉक्स ठेवा, मोबाइल घरी ठेवून जा. आतमध्ये नेता येत नाही, आणि बाहेर सांभाळायचे पैसे घेतात.