ऑफर आलीय, पण सही करायच्या आधी

अगं, मेसेज वाचला, आधी अभिनंदन. आयडब्ल्यूएलच्या, म्हणजे महिला फुटबॉलच्या राष्ट्रीय लीगच्या क्लबकडून बोलावणं येणं ही चेष्टा नाही, आणि तेही मुंबईच्या पोरीला, जिथे सरावाला अख्खं मैदान हवं असेल तर आधी क्रिकेटवाल्यांच्या हातापाया पडावं लागतं. पण तू लिहिलंयस "ताई उद्याच सही करते", तर जरा दम धर.

पहिलं म्हणजे कोचला सरळ विचार, तुझ्या जागेवर, लेफ्ट बॅकला (डाव्या बाजूच्या बचावाला) अजून कोण कोण आहे. इंडिया कॅम्प करून आलेली कोणी आधीच असेल तर तू सीझनभर राखीव खेळाडूंचं बिब घालून बेंचवर बसणार, आणि बेंचवरच्या पोरीकडे कोण बघतंय? त्यापेक्षा ती खालच्या डिव्हिजनची, आयडब्ल्यूएल 2 वाली टीम घे, दर मॅचला पूर्ण नव्वद मिनिटं खेळ, तिथून प्रमोशन मिळून वर जाता येतं. बाबांना मोठं नाव हवंय, सोसायटीत सांगायला बरं पडतं, कळतं मला, पण त्यांच्याशी बोलावं लागेल.

आता पैसे. 2023 मध्ये आपल्या फुटबॉल फेडरेशनने ठरवलं की आयडब्ल्यूएलच्या क्लबने किमान 10 भारतीय खेळाडूंशी वर्षाला निदान 3.2 लाखांचे करार करायचे. 10 बरं का, अख्खी टीम नाही. तू त्या दहात आहेस का ते विचार, लाजू नकोस. करार वर्षाचा की फक्त लीग चालू असेपर्यंतचा, कारण लीग काही महिन्यांत आटपते आणि भाडं, डाएट, फिजिओ बारा महिने चालूच असतं. गुडघा गेला तर एमआरआय आणि ऑपरेशनचा खर्च कोणाचा, तेव्हा पगार चालू राहणार की बंद, मधेच सोडायचं झालं तर एनओसी, म्हणजे दुसऱ्या क्लबला जायची परवानगी देणार का. "बघू, करून देऊ" असं फोनवर सगळेच म्हणतात, मला ते कागदावर हवंय.

गुडघ्याचं उगाच नाही म्हणत. मुलींमध्ये एसीएल (गुडघ्यातलं लिगामेंट) जायचं प्रमाण मुलांपेक्षा बरंच जास्त आहे, आणि तू हेडर मारून खाली येतेस तेव्हा तुझे दोन्ही गुडघे आत वळतात, परवा कूपरेजला डोळ्यांनी बघितलंय. फिफा 11+ हा दुखापती टाळायचा वॉर्मअप वीसेक मिनिटांचा असतो, त्यातलं एका पायावर तोल सांभाळणं, हॅमस्ट्रिंगचा (मांडीच्या मागच्या स्नायूंचा) नॉर्डिक व्यायाम आणि उडी मारून गुडघे पायांच्या बोटांच्या रेषेत ठेवून उतरणं हे तू अक्षरशः पाट्या टाकल्यासारखं करतेस. नीट कर. टर्फवर तर जास्तच.

"इंडियाकडून कधी खेळणार?" याचं उत्तर माझ्याकडे नाही. संगीता बासफोरने जुलै 2025 मध्ये थायलंडला त्यांच्याच घरी दोन गोल मारले आणि आपण पहिल्यांदा पात्रता फेरी खेळून एशियन कपला पोचलो, भारी वाटलं. पण 2022 चा एशियन कप आपल्या दारात होता, डीवाय पाटीलला इराणशी 0-0, मग टीममध्ये कोविड पसरला, पुढच्या मॅचला पुरेशा खेळाडू उरल्या नाहीत आणि खेळ खल्लास. त्याच वर्षी केरळच्या गोकुलम क्लबच्या पोरी एशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोचल्या आणि फिफाने आपल्या फेडरेशनवर बंदी घातली, बिचाऱ्या एकही मॅच न खेळता परत आल्या. त्यांची काय चूक होती सांग.

म्हणून टीवायची परीक्षा द्यायचीच, यावर वाद नको. महाराष्ट्राच्या टीमची ट्रायल पण सोडू नकोस, राजमाता जिजाबाई ट्रॉफीत, म्हणजे राज्यांच्या टीमच्या राष्ट्रीय स्पर्धेत मणिपूरसारख्या टीमसमोर खेळशील तेव्हा खरं पाणी जोखता येईल, आणि तिथे रेल्वेचीही टीम उतरते, स्पोर्ट्स कोट्यातली नोकरी म्हणजे काय ते आईला विचार, ती खूश होईल.

आता कराराची पीडीएफ आज रात्रीच पाठव, ओळखीच्या वकीलबाईंना दाखवते. फोटो काढून नको पाठवूस, मागच्या वेळी अर्धं पान कापलं होतंस.