क्रोनोमीटर प्रमाणपत्राचा क्रमांक जुळत नसेल तर

झुरिखमध्ये नोकरी करणाऱ्या एका वाचकांनी मार्च 2025 मध्ये जिनिव्हातील एका दुकानातून वापरलेले स्विस घड्याळ घेतले आणि सोबत त्यांना सीओएससी या स्विस चाचणी संस्थेचे क्रोनोमीटर प्रमाणपत्र, म्हणजे मशीन अचूक चालत असल्याचा दाखला मिळाला. 12 नोव्हेंबर 2025 रोजी सर्व्हिसिंगसाठी मागचे झाकण उघडले, तेव्हा मशीनवर कोरलेला क्रमांक प्रमाणपत्रावरील क्रमांकाशी जुळला नाही. तेव्हापासून दुकानदार फोनवर ‘बघतो’ एवढेच सांगत आहे. घड्याळ पुढे जाते अशीही त्यांची तक्रार आहे, आणि पैसे परत मिळतील का, असे ते विचारतात. अशी पत्रे वरचेवर येतात; त्यांना माझे उत्तर असे.

घड्याळ दिवसाला बारा सेकंद पुढे जाते, या तक्रारीवर भर देऊ नका. सीओएससी ही संस्था घड्याळाच्या बाहेरील कवचात बसवण्यापूर्वीचे मशीन पंधरा दिवस, पाच स्थितींत आणि 8, 23 व 38 अंश तापमानात तपासते. सरासरी दैनंदिन फरक उणे 4 ते अधिक 6 सेकंदांत असावा, ही अट त्या चाचणीपुरती असते, पुढील वर्षांची हमी नसते. मात्र प्रमाणपत्र एकेका मशीनला क्रमांकानिशी दिले जाते. त्यामुळे क्रमांक न जुळणे हाच आपल्या दाव्याचा कणा आहे.

दोन वर्षे हातात आहेत, असे आपण लिहिता. स्विस दायित्व संहितेच्या, म्हणजे तिथल्या करारविषयक कायद्याच्या, कलम 210 मधील ती मुदत दाव्याची आहे. त्याआधी कलम 201 येते : लपलेला दोष कळताच विक्रेत्याला कळवावा लागतो, आणि न्यायालये त्यासाठी साधारण आठवडाभराचीच सवलत देतात. त्या आठवड्यात दुकानदाराला नेमके काय सांगितले, याचा एकही पुरावा आपल्याजवळ नाही, त्यामुळे दोषाबद्दल विक्रेत्याच्या हमीवर दावा करण्याचा मार्ग बहुधा बंद झाला आहे. इतकी किंमत मोजणाऱ्याने एक ईमेलही करू नये, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आता आधार उरतो तो कलम 24 मधील ‘मूलभूत चूक’ या तरतुदीचा, म्हणजे करार करताना महत्त्वाच्या गोष्टीविषयी आपला गैरसमज होता या मुद्द्याचा. हमीचा मार्ग बंद झाला तरी खरेदीदाराला ‘मूलभूत चूक’ या तरतुदीचा आधार घेता येतो, हे स्विस सर्वोच्च न्यायालयाने 1988 मध्ये पिकासोच्या नावे विकलेल्या बनावट चित्राच्या प्रकरणात मान्य केले आहे. परंतु कलम 31 नुसार चूक कळल्यापासून एका वर्षाच्या आत करार मान्य नसल्याचे विक्रेत्याला कळवले नाही, तर करार मंजूर केल्याचे धरले जाते. आपल्यासाठी ते वर्ष 12 नोव्हेंबर 2026 रोजी संपते.

दुकानदाराने जाणूनबुजून फसवले असेल, तर कलम 203 मुळे उशिराचा मुद्दा गळून पडेल. पण ते सिद्ध करण्याचा भार आपल्यावर राहील आणि त्याविषयी आज मी खात्री देणार नाही. पावतीवर ‘हमी नाही’ असे छापले असल्यास त्याचा परिणाम नेमक्या शब्दांवर अवलंबून असेल. महागडे घड्याळ ग्राहक-कराराच्या व्याख्येत बसेलच असे नाही, त्यामुळे ग्राहकाला मिळणारी राहत्या ठिकाणी दावा करण्याची सोय आपल्याला मिळेल आणि दावा झुरिखला चालेल असे गृहीत धरू नका.

या आठवड्यातच रजिस्टर्ड पत्र पाठवा. त्यात दोन्ही क्रमांक, चूक कळल्याची तारीख, करार बंधनकारक मानत नसल्याचे स्पष्ट विधान आणि घड्याळाच्या बदल्यात रक्कम परत करण्याची मागणी असावी. घड्याळजीकडून मशीनच्या छायाचित्रासह सहीचा लेखी अहवाल घ्या, आणि तोवर घड्याळ वापरू नका, कारण वापर चालू ठेवल्यास आपण करार स्वीकारला असा युक्तिवाद समोरून होऊ शकतो.