चाळिशीत ज्युडो? कर की बिनधास्त, पण आधी पडायला शिक

अरे वय वगैरे काही नसतं, मी स्वतः ३८ व्या वर्षी सुरू केलं, तेही ढेरी घेऊन. पहिले दोन-तीन महिने कुणाला पाडायची स्वप्नं बघू नकोस, फक्त उकेमी कर, म्हणजे पडायची प्रॅक्टिस. हनुवटी छातीला टेकवायची, नजर स्वतःच्या बेल्टच्या गाठीवर, आणि पाठ टेकता टेकता हात अंगापासून थोडा लांब ठेवून पंजासकट अख्खा हात मॅटवर सपकन आपटायचा. पडताना हात मागे टेकवून सावरायला जायचं नाही, हे मी दुसऱ्याच आठवड्यात केलं आणि मनगट असं काही मुरगळलं की महिनाभर स्कूटरचा ॲक्सिलरेटर पिळता येईना, बायकोच्या मागे बसून क्लासला जायचो (पोरं हसायची ते वेगळंच).

रांदोरीत, म्हणजे मोकळ्या सरावात, कॉलेजची पोरं भिडतील तेव्हा ताकद लावत बसू नकोस, दोन मिनिटांत धाप लागते. ज्युडोचे जनक जिगोरो कानोंनी १८८२ मध्ये टोकियोत कोदोकान ही ज्युडोची शाळा काढली, ते स्वतः अंगाने लहानखुरे होते, समोरच्याचा तोल घालवणं हाच तर सगळा खेळ आहे. आणि गळा आवळला किंवा कोपर लॉक झालं की लगेच दोनदा थोपटून (म्हणजे ‘हरलो, सोड’ अशी खूण करून) सोडवून घे, तिथे इगो नको.

नखं कापून जा. महागडा गी, म्हणजे ज्युडोचा ड्रेस, आत्ताच घेऊ नकोस, आधी क्लासमध्ये जुना कुणाचा मिळतो का विचार.