आमच्या गावातल्या शंभर वर्षांच्या बागेचं 'सुशोभीकरण' होणार आहे. झाडं आणि आतल्या जुन्या वास्तू बिघडू नयेत म्हणून नागरिकांनी नेमकं काय बघावं?

'सुशोभीकरण' हा शब्द वाचूनच पोटात गोळा आला. एका नगरपालिकेच्या उद्यान विभागात माझी सव्वीस वर्षं गेली. टेंडरमध्ये या शब्दाचा अर्थ ठरलेला असतो : पेव्हर ब्लॉक, स्टीलचं रेलिंग, सेल्फी पॉइंट आणि कारंज्याशेजारी फायबरचं हरीण. मोटरला पैसे नसल्यामुळे कारंजं दुसऱ्या वर्षी बंद पडतं. हरीण मात्र राहतं.

आधी झाडांचं सांगतो, कारण वास्तू दुरुस्त करता येते, ऐंशी वर्षांचं झाड करता येत नाही. आमच्या बागेत बँडस्टँडला (बँड वाजवायच्या जुन्या छपरी चौथऱ्याला) लागून एक मोठा पर्जन्यवृक्ष होता. ठेकेदारानं त्याला गोल सिमेंटचा पार बांधला, आत दोन फूट लाल माती भरली, वर फुलझाडं लावली. फोटो झकास आले. चौथ्या पावसाळ्यात एका रात्री झाड आडवं झालं आणि बँडस्टँडचं अर्धं छप्पर घेऊन गेलं. सकाळी करवत लावली तेव्हा पाहिलं, मातीखाली गेलेला बुंधा काळा पडला होता आणि बोट दाबलं की चहात बुडवलेल्या टोस्टसारखं आत जात होतं. बुंध्याची साल उघडी, कोरडी राहायला हवी आणि मुळांना हवा मिळायला हवी, एवढी साधी गोष्ट. झाडाभोवतीचं काँक्रीट निदान एक मीटरपर्यंत काढा, असं राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ मध्ये दिल्लीसाठी बजावलं होतं. मी तर म्हणेन, जुन्या झाडाला एक मीटर कमीच. पार बांधायचा असेल तर तो लांबून बांधा आणि आत माती भरू नका.

वास्तूंचंही दुखणं असंच, कोंडलेल्या पाण्याचं. जुनी भिंत चुन्यात बांधलेली असते. ती ओल घेते आणि सोडते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा आणि ऑइलपेंट चढवला की ओल आतच अडकते, क्षार फुटतात, पोपडे सुटतात. मग 'भिंत जुनी झाली, पाडा' असा शेरा येतो. म्हणून अंदाजपत्रकात 'सिमेंट प्लास्टर' दिसलं की तिथंच बोट ठेवा. चुन्याचं काम येणारा गवंडी हल्ली शोधावा लागतो, पण मिळतो.

चांगलं उदाहरण बघायचं असेल तर भायखळ्याची राणीची बाग बघा (कागदोपत्री वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान). बाग १८६२ ची. आवारातलं संग्रहालय, म्हणजे आताचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, १८७२ मध्ये लोकांसाठी उघडलं. पुढे त्याची पार रया गेली. २००३ मध्ये महापालिका, इंटॅक (वारसा वास्तू जपणारी संस्था) आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांनी त्रिपक्षीय करार केला. मालकी पालिकेचीच राहिली आणि जाणकार व पैसा बाहेरून जोडीला आला. २००५ मध्ये त्या कामाला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला आणि २००८ मध्ये संग्रहालय पुन्हा उघडलं. लोक सोनेरी नक्षीचं कौतुक करतात. मला कौतुक त्या कराराचं आहे. काम संपल्यावर चालवणार कोण, हे आधीच ठरलेलं होतं. आपल्याकडे फीत कापली की फाइल बंद.

त्याच बागेची दुसरी बाजूही आहे. तिथं तीन हजारांहून जास्त झाडं आहेत. गोरखचिंच आहे, कैलासपती आहे, उर्वशीसारखं दुर्मीळ झाडही आहे. प्राणिसंग्रहालयाच्या मोठ्या नूतनीकरणाचा आराखडा आला तेव्हा काही महिलांनी झाडन् झाड ओळखून आराखड्याला हरकती घेतल्या. 'झाडं वाचवा' ही नुसती घोषणा साहेबांना रोजच ऐकू येते. अमुक जागेवरचं अमुक झाड तुमच्या नकाशात पिंजऱ्याखाली येतंय, असं म्हटलं की उत्तर द्यावंच लागतं.

तर तुम्ही आत्ताच माहिती अधिकारात अंदाजपत्रक आणि नकाशा मागवा. दोन रविवार घालवून झाडांची यादी करा. जोरदार पावसात छत्री घेऊन बागेत जा, पाणी कुठे साचतं आणि छपराची पन्हळ कुठे गळते ते लिहून ठेवा. देखभालीला दर वर्षी किती रक्कम आणि किती माळी, हा प्रश्न सभेत विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर काम कितीही देखणं असो, विरोध करा.

आणि निवृत्त माळी गाठा. आमच्या बँडस्टँडसमोर दर पावसाळ्यात गुडघाभर तळं व्हायचं. पंप बसवायचा प्रस्ताव मंजूर होण्याच्या बेतात होता. एक सत्तरीतले माळीबुवा आले, हिरवळीवर काठी आपटत फिरले आणि एका जागी थांबून म्हणाले, "इथं पोकळ वाजतंय, खणा." हातभर खाली दगडी मोरी निघाली, गाळानं गच्च भरलेली. ती उपसायला चार माणसं आणि दोन दिवस लागले.