मुंबईच्या लॅबर्नम रोडवर गांधीजी खरंच राहायचे का? आणि १९४२ साली त्यांना तिथेच अटक झाली का?

राहायचे, पण सलग नाही; आणि १९४२ ची अटक तिथली नव्हे. गावदेवीतल्या या रस्त्यावरचं 'मणिभवन' त्यांचे स्नेही रेवाशंकर जगजीवन झवेरी यांचं. १९१७ ते १९३४ या काळात मुंबईत आले की गांधीजी बहुधा इथेच उतरत. रौलट कायद्याविरुद्धच्या सत्याग्रहाची सूत्रं १९१९ मध्ये इथूनच हलली. त्याच एप्रिलमध्ये 'सत्याग्रही' हे पत्रक सरकारी नोंदणी मुद्दाम न करता काढलं. कायदेभंगाचाच तो एक भाग. घोटाळा होतो तो अटकेच्या तारखांचा. ४ जानेवारी १९३२ ला पहाटे पोलिसांनी त्यांना मणिभवनाच्या गच्चीवरून नेलं. १९४२ चं 'छोडो भारत' अधिवेशन गवालिया टँकवर, म्हणजे इथून चालत जाण्याइतक्या अंतरावर भरलं, म्हणून लोक दोन्ही जोडतात. पण ९ ऑगस्टला ते मलबार हिलवर बिर्ला हाऊसमध्ये होते. पाहायला जायचं तर ग्रँट रोड स्टेशनला पश्चिमेकडे उतरा. तळमजल्यावर ग्रंथालय आहे, गांधीजींची खोली दुसऱ्या मजल्यावर. आणि हो, लॅबर्नम म्हणजे आपल्या बहाव्याचाच पिवळ्या फुलांचा विलायती नामबंधू.