वाचकांचे प्रश्न : दाह कणांमुळे की पाण्यामुळे?

प्रश्न : संत्र्याच्या सालीच्या अर्कातून चांदीचे नॅनोकण तयार केले. टीएचपी-१ पेशींवर (प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी रोगप्रतिकारक पेशींवर) टाकल्यावर टीएनएफ-अल्फा (दाहाचा इशारा देणारे प्रथिन) भरपूर वाढला. पाणी ऑटोक्लेव्ह केलेले (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक केलेले) होते. नॅनोकणांमुळे दाह होतो, असे प्रबंधात लिहू का?
– एम.एस्सी. विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर : इतक्यात नको. आधी पाण्यात आणि कणांत एंडोटॉक्सिन (जिवाणूंचे दाह पेटवणारे विष) आहे का तपासा. ग्राम-निगेटिव्ह जिवाणूंच्या बाह्य आवरणातले हे विष, म्हणजेच एलपीएस, मॅक्रोफेजला (परक्या वस्तू गिळणाऱ्या संरक्षक पेशीला) चिडवायला मिलीलिटरमागे एक नॅनोग्रॅमही पुरे होते. १२१ अंशांच्या ऑटोक्लेव्हमध्ये जिवाणू मरतात, एलपीएस टिकून राहते. ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधूनही ते पार होते. कळमन्याच्या बाजारातून आणलेली संत्री कितीही धुतली तरी सालीवर जिवाणू उरतातच, आणि डिस्टिल्ड पाण्याचा कॅन नागपूरच्या मे महिन्यात चार दिवस उघडा पडला असेल तर विचारायलाच नको. एलपीएस कणांना चिकटले की नुसत्या धुण्याने सहसा सुटत नाही.

तपासणीतही एक मेख आहे. एंडोटॉक्सिन मोजणारी, रंगावर चालणारी एलएएल चाचणी ४०५ नॅनोमीटरला वाचतात, आणि चांदीचे कण नेमके ४०० ते ४२० च्या आसपास प्रकाश शोषतात. म्हणजे यंत्र तुमच्या कणांचाच पिवळा रंग मोजणार! त्यापेक्षा जेल-क्लॉट पद्धत (रंगाऐवजी गुठळी होते का ते बघणारी) घ्या. नमुन्यात मोजून घेतलेले एंडोटॉक्सिन मुद्दाम मिसळून बघा. त्यातले ५० ते २०० टक्के परत दिसले, तरच तुमचा आकडा ग्राह्य. कमी दिसले तर चांदीने चाचणीतली विकरे दाबली असणार, नमुना आणखी पातळ करा. सालीवर बुरशी असेल तर तिच्या आवरणातले बीटा-ग्लुकानही खोटा पॉझिटिव्ह देते, म्हणून ग्लुकान रोखणारा बफर वापरा.

मग सगळे पुन्हा करा. काचसामान २५० अंशांवर ३० मिनिटे कोरडे तापवायचे, पाणी इंजेक्शनचे घ्यायचे (त्याची मर्यादा मिलीलिटरला ०.२५ एंडोटॉक्सिन युनिट). प्लेटमध्ये कणांशेजारी हे वेल (खळगे) हवेतच : नुसता सालीचा अर्क, कण सेंट्रिफ्यूज केल्यावरचे वरचे पाणी, त्यात विरघळलेल्या चांदीइतके सिल्व्हर नायट्रेट, आणि कणांसोबत पॉलिमिक्सिन-बी (एलपीएसला बांधून निकामी करणारे औषध), मिलीलिटरला १० मायक्रोग्रॅम. पॉलिमिक्सिनने टीएनएफ कोसळला, तर चोर एलपीएस.

कणांचा स्वतःचा प्रताप बघायचा असेल तर आयएल-१ बीटा हे दाहाचे दुसरे प्रथिनही मोजा. मॅक्रोफेज कण गिळते, लायसोसोमची (पेशीतली पचनाची) पिशवी फाटते, तिच्यातले कॅथेप्सिन-बी हे विकर बाहेर सांडते, एनएलआरपी-३ हे धोका ओळखणारे प्रथिन जागे होते आणि कॅस्पेज-१ हे विकर आयएल-१ बीटाला कापून कामाला लावते. पण टीएचपी-१ पेशी तळाला चिकटाव्यात म्हणून घातलेले पीएमए हे रसायन त्यांना आधीच अर्धवट तयार करून ठेवते, म्हणून कण नसलेला वेलही चढा दिसतो. पीएमए काढून पेशींना एक-दोन दिवस साध्या माध्यमात ठेवा, मगच कण घाला.

प्रश्न : कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राकडची राख घरात येते. हे नॅनोकणच का? ओढणी बांधून भागेल?

उत्तर : वजनाने बघितले तर बहुतेक राख मायक्रॉनच्या मापाची असते, नॅनो भाग थोडा. जाड कण नाकातच अडकतात, बारीक कण वायुकोशांपर्यंत पोचतात. तिथे त्यांना गिळणाऱ्या मॅक्रोफेजची लायसोसोमची पिशवी राखेतला स्फटिकरूप सिलिकाही अशीच फाडतो. ओढणीने भागत नाही, नाकाला घट्ट बसणारा एन-९५ लागतो. घरात केरसुणी नको, ओले फडके फिरवा.