पॅनेलवरचा कंत्राटदार आणि त्याच्या हातातली कामं

प्रश्न : आमची मध्यम आकाराची बांधकाम कंपनी आहे. हल्ली मोठ्या सरकारी कामांसाठी आधीच मंजूर केलेल्या पॅनेलवरच्या सहा-सात कंत्राटदारांनाच बोलावतात. आम्हाला निविदाच भरता येत नाही. हा दरवाजा कायमचा बंद झाला असं समजायचं का?

मुळीच समजू नका. मात्र पॅनेल कशासाठी असतं ते आधी सांगते, कारण पॅनेल ठरवणाऱ्या छाननी समितीवर मी नऊ वर्षं बसले आहे. मोठ्या कामात प्रत्येक निविदेला तीस-चाळीस जणांचे ताळेबंद, अनुभवाचे दाखले, यंत्रसामग्रीच्या याद्या नव्याने तपासायच्या म्हटलं की महिने जातात. ती छाननी एकदाच आधी करून ठेवायची आणि पुढे प्रत्येक कामाला पॅनेलवरच्यांमध्ये दराची स्पर्धा लावायची, एवढाच हा मामला. पॅनेलवर नाव लागलं म्हणजे काम मिळालं असं नाही.

बिघडतं ते पॅनेल वर्षानुवर्षं तेच राहिलं की. सहा जण एकमेकांना चांगले ओळखू लागतात आणि ‘या खेपेला तू, पुढच्या खेपेला मी’ हे आपोआप जमून जातं. म्हणून मुदत महत्त्वाची. युरोपीय संघाच्या २०१४ च्या निर्देशानुसार पॅनेलवरच्यांशी केलेला असा करार, अपवाद सोडला तर, चार वर्षांहून जास्त चालवता येत नाही. ब्रिटनच्या २०२३ च्या खरेदी कायद्यात आठ वर्षांपर्यंतचा ‘खुला’ करार आहे, पण त्यात पहिल्या तीन वर्षांतच एकदा तरी नव्यांना आत घ्यावं लागतं. तुम्ही खात्याला लेखी विचारा : पॅनेलची मुदत कधी संपते, आणि मधे नवे अर्ज घेणार का? तोंडी उत्तरावर विसंबू नका. तोवर पॅनेलवरच्या एखाद्याबरोबर, नियमात बसत असेल तर, संयुक्त उपक्रमात उतरता आलं तर जरूर उतरा.

प्रश्न : एका रुग्णालयाचं बांधकाम मंजूर यादीतल्या कंत्राटदाराला दिलं होतं. निम्म्यावर आलं आणि थांबलं. सगळं तपासून घेतलेला कंत्राटदार असा बुडतो कसा?

हा प्रश्न वाचून मला रात्री झोप लागली नाही, कारण अशा एका यादीवर माझीही सही आहे. ते काम रुग्णालयाचं नव्हतं, पण थांबलं असंच.

त्या कंत्राटदाराच्या अर्जात यंत्रांची यादी सुरेख होती. काँक्रीट मिसळणारे दोन बॅचिंग प्लांट, चार उत्खनन यंत्रं, प्रत्येकाचा अनुक्रमांक दिलेला. सगळं खरं होतं. कार्यारंभ आदेशानंतर तिसऱ्या आठवड्यात मी साइटवर गेले तर एकच प्लांट उभा होता आणि उत्खनन यंत्र एकही नव्हतं. कार्यालयात येऊन मी त्याच्या इतर कामांच्या फायली काढल्या. तेच अनुक्रमांक आणखी तीन फायलींमध्ये होते. चारही ठिकाणी तीच यंत्रं दाखवलेली. यात खोटं काहीच नव्हतं, यंत्रं त्याचीच होती. चारही कामं आम्ही एकाच वर्षात त्याला दिली होती, आणि चारही फायली एकत्र ठेवून कुणी पाहिल्या नव्हत्या. मीही नाही.

पॅनेलवर घेताना आपण कंत्राटदाराचा भूतकाळ तपासतो. काम देताना त्याच्या हातात आज काय आहे ते पाहायला हवं. त्यासाठी जुनं, साधं गणित आहे, निविदा क्षमतेचं. गेल्या पाच वर्षांतल्या सर्वांत चांगल्या वर्षी त्याने केलेलं काम आजच्या दराने धरायचं, त्याला नव्या कामाच्या मुदतीच्या वर्षांनी गुणायचं, मग दोनाने (काही खाती हा गुणक वेगळा धरतात), आणि त्यातून त्याच मुदतीत त्याला पुरं करायचं असलेलं हातातलं काम वजा करायचं. समजा चांगल्या वर्षी त्याने १०० कोटींचं काम केलं आणि नवं काम दोन वर्षांचं आहे. ४०० झाले. हातात ३५० ची कामं असतील, तर उरले ५०. त्याला २०० कोटींचं काम देणं म्हणजे त्याला आणि आपल्याला, दोघांनाही बुडवणं. हे गणित पॅनेल करतानाच नव्हे, प्रत्येक कामाआधी पुन्हा मांडायला हवं.

ब्रिटनमधल्या कॅरिलियनचं उदाहरण तुमच्या प्रश्नाच्या अगदी जवळचं आहे. जुलै २०१७ मध्ये या बड्या बांधकाम कंपनीने नफा अपेक्षेहून कमी होणार अशी धोक्याची सूचना जाहीर केली. आठवडाभरात तिच्या भागीदारीला एचएस-२ या वेगवान रेल्वेचं काम जाहीर झालं. १५ जानेवारी २०१८ ला कंपनी दिवाळखोरीत निघाली. लिव्हरपूल आणि बर्मिंगहॅमजवळ तिच्याकडे असलेली दोन मोठी रुग्णालयं अर्धवट राहिली. पहिलं २०२२ मध्ये सुरू झालं, दुसरं २०२४ मध्ये. रुग्ण तेवढी वर्षं जुन्या इमारतींमध्येच राहिले. कागदावर कॅरिलियन कुठल्याही यादीत बसली असती, म्हणून मी तिचं नाव वारंवार काढते.

प्रश्न : पॅनेलसाठी अर्ज करतो आहोत. अनुभवाच्या दाखल्यात काय असावं?

आकडे आधी पाहा. भारतात केंद्रीय दक्षता आयोगाच्या १७ डिसेंबर २००२ च्या पत्रातलं मोजमाप बरीच खाती धरतात : गेल्या सात वर्षांत पूर्ण केलेली तशीच तीन कामं, प्रत्येक अंदाजित खर्चाच्या किमान ४० टक्क्यांचं, किंवा दोन, ५० टक्क्यांची, किंवा एक, ८० टक्क्यांचं. शिवाय तीन वर्षांची सरासरी वार्षिक उलाढाल अंदाजित खर्चाच्या किमान ३० टक्के.

‘तशीच’ या शब्दावर बहुतेक अर्ज अडकतात. एका कंत्राटदाराने पुलाचा दाखला जोडला होता. सही करणाऱ्या अभियंत्याला मी फोन केला. तो म्हणाला, ‘पायलिंग पोटकंत्राटदाराने केलं, यांनी वरचा स्लॅब ओतला.’ आम्हाला माणूस पायलिंगसाठीच, म्हणजे जमिनीत खोल खांब घालून पाया करण्यासाठीच, हवा होता. म्हणून दाखल्यात तुम्ही स्वतः काय केलं, किती खोलीचं, पूल असेल तर खांबांमधल्या किती गाळ्यांचं, ते सही करणाऱ्या साहेबांकडून स्वच्छ लिहून घ्या, आणि पोटकंत्राटदाराला दिलेला भागही लिहा. फोन येणारच आहे.